वाकडी बाभूळ

माहुल, ८ डिसेंबर २०२४

अल्पेश,

बोटीवर फोन लागत नाही, फोटो उघडत नाहीत, पत्रासारखं मेल लिही म्हणालास ना? मग घे, आता पत्रच वाच. आणि पूर्ण वाच.

तुझ्या मातीच्या भट्टीने पहिल्याच रविवारी कोळीवाड्यात माझं नाव काढलं. धूर म्हणजे किती धूर! मालनमावशीने वाळत घातलेल्या साड्या परत धुतल्या आणि एकेक साडी पिळताना माझा उद्धार केला. गोवंडीच्या वखारीतून फाटी आणली होती. वखारवाला म्हणाला, एकदम सुकी आहे, डोळे मिटून न्या. डोळे मिटूनच नेली बहुतेक, कारण पेटवल्यावर टोकांतून फेस यायला लागला. पाव वरून काळे, आतून कच्चे. आईने एक दाबून बघितला आणि मांजरीपुढे टाकला. मांजर पण वास घेऊन निघून गेली.

तू अंगणभर जो बाभळीचा ढीग रचून ठेवलायस, त्याला शिमगा होईपर्यंत हात लावायचा नाही असा हुकूम आहे. ठीक. पण मग तोवर मी काय जाळू, माझं नशीब? माझ्याबरोबर विक्रोळीच्या ऑफिसात होती ती रेवती आठवते ना? तिने मुलुंडला मिसळीचं दुकान काढलंय. तिला मी दर रविवारचे पाव कबूल करून बसलेय. तुझ्याच जिवावर.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो अजून भिंतीकडे तोंड करून पडलाय. मी म्हटलं, बाबा, बाहेर ये, विस्तवाकडे बघ जरा. त्याने कूससुद्धा बदलली नाही. त्याची होडी तू फोडायला दिलीस त्याला दोन पावसाळे झाले. इंजिन गेलं होतं, तळ कुजला होता, तो काविळीने हॉस्पिटलात होता, सगळं मान्य. पण तेव्हापासून तो तुझ्याशी बोलत नाही आणि तूही त्याच्याशी बोलत नाहीस. बोलायचं सोडून भट्टी बांधलीस. निघताना मला म्हणालास, ताई, त्याला भट्टीपाशी बसव, हातात काम आलं तर उठेल, नाहीतर हा माणूस असाच पडून पडून जाईल. हे मला सांगितलंस. त्याला सांगायला तोंड नव्हतं?

आईने मुदत घातलीय. पावसाच्या आत बाबा उठला नाही, तर ती भट्टी फोडणार आणि तिथे बोंबील वाळवायच्या काठ्या उभ्या करणार. तुला माहीत आहे, ती बोलते ते करते.

नेत्रा


समुद्रातून, १९ डिसेंबर २०२४

ताई,

शिव्या पोचल्या. आता ऐक.

वखारवाल्याच्या शपथेवर कशाला जातेस? दोन ओंडके एकमेकांवर आपट. ठण्ण वाजले तर सुके, धप्प वाजले तर ओले. टोकाला भेगा पडल्यात का बघ. साल नखाने सुटते का बघ. उचलून बघ, सुकं लाकूड हाताला हलकं लागतं. तू मासळी घेताना कल्ले उघडून बघतेस ना? मग लाकूड काय आंधळेपणाने घेतेस?

चिंच मिळाली तर चिंच घे, नाहीतर बाभूळ. सुरुवातीला आंब्याच्या पेटीच्या बारीक ढलप्या, मग मनगटाएवढी, जाड शेवटी. रंग दिलेलं, खिळे मारलेलं काही घालायचं नाही, फुकट मिळालं तरी. खाडीतल्या तिवराला तर हातच लावू नको, पोलीस नेतील. आधी घुमट आतून काळा पडेल, घाबरू नको. जाळत राहा. काजळी जळून माती परत पांढरट दिसली की भट्टी तयार. मग निखारे ओढून काढ, ओल्या गोणपाटाने तळ पूस आणि पाव लाव. ज्वाळा असताना दार लावलंस तर धूर होणारच, त्यात माझी भट्टी काय करेल?

मी इथे बोटीच्या किचनमध्ये रोज सगळ्यांचा ब्रेड करतो, मला शिकवू नको.

बाबाला स्टूल दे बाहेर. बोलावू नको, फक्त स्टूल ठेव.

अल्पेश


माहुल, २१ जानेवारी २०२५

अल्पेश,

उंटावरून शेळ्या हाकायला तुला काय जातंय! पण खोटं कशाला बोलू, या वेळी पाव जमले. घाटकोपरच्या मार्केटातून येताना आईनेच चिंचेचं सरपण आणलं. वखारीत उभी राहून तिने ओंडके असे आपटले की वखारवाला म्हणाला, मावशी, घ्या आणि जा. घुमट काळा झाला, मग पांढरा झाला, मी निखारे ओढले, पाव फुगले. रेवतीने निरोप पाठवला, झकास, पुढच्या रविवारी जास्त दे.

आता दुसरी बातमी. स्टूल ठेवला होता. कितीतरी दिवस त्यावर मांजर बसली. मग एका सकाळी मी पीठ मळत होते, तर बाबा दारात. लुंगी नीट बांधलेली. त्याने भट्टीकडे बघितलं, जसं कोणी पाहुण्याच्या पोराकडे बघावं तसं, आणि सरळ तुझ्या ढिगापाशी गेला. वरचा पत्रा उचलला. आत वाकून बघितलं. मग ढिगाभोवती फिरला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी पीठ तसंच सोडून बघत उभी. त्याने पत्रा परत ठेवला, त्यावर दगड ठेवला आणि आत जाऊन चहा मागितला. स्वतःच्या तोंडाने. आई मोरीत जाऊन रडून आली.

आता तो रोज उजाडायच्या आत उठतो. आईकडे माशाच्या तेलाचा डबा मागितला, पूर्वी होडीला लावायचा तोच. आईला वाटलं गुडघ्यांना लावायला हवंय, तिने हौसेने काढून दिला. पडून पडून सांधे धरले असतील बिचाऱ्याचे. घरात एवढा वास आहे की माझं नाक मेलंय. पण माणूस उठला, तर उठू दे वास.

एकच तक्रार. ढिगाच्या जवळ गेले की खेकसतो.

नेत्रा


समुद्रातून, ११ फेब्रुवारी २०२५

ताई,

बघ, सांगितलं होतं ना! खेकसू दे की. त्याने जळणाची जबाबदारी घेतलीय. होडी असताना पण डिझेलच्या कॅनला कोणाला हात लावू द्यायचा नाही, तसंच आहे हे. मी तुझा मेल इथे सगळ्यांना वाचून दाखवला. आमचा मोठा कुक म्हणाला, तुझ्या बापाला विस्तवाने बरं केलं.

शिमग्याला लक्ष ठेव. होळीला घालायला लाकूड चोरायची आपल्याकडे हौस किती असते, तुला माहीत आहे. मी स्वतः लहानपणी मालनमावशीचं दार नेलं होतं. होळी झाली की ढीग उघड. बाभूळ आहे, पनवेलकडच्या एका शेताच्या बांधावरची. निखारा असा पडेल की चिंच विसरशील. अर्धी वाकडी आहे, म्हणून स्वस्तात मिळाली. रचायला त्रास होतो, पण जळायला काय, वाकडं-सरळ सारखंच.

बाबा माझ्याबद्दल काही विचारतो?

अल्पेश


माहुल, १७ मार्च २०२५

अल्पेश,

तेल गेलं, तूप गेलं आणि माझ्या हाती धुपाटणं आलं. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. जमत नाहीये.

शिमग्याला बाबा वल्ह्याचा दांडा घेऊन ढिगापाशी बसला होता, कोणाची हिंमत झाली नाही. मला कौतुक वाटलं. काल रविवारी तो दाढी करायला गेला तेवढ्यात मी ढीग उघडला आणि वरचे ओंडके घेतले. वाकडे होते, भट्टीच्या तोंडातून आत जाईनात, कसेबसे कोंबले. पेटले, आणि काळा, चिकट, जड असा धूर निघाला की मालनमावशी साड्या न काढताच माझ्याकडे धावली, कोण जळलं म्हणून. घुमट पांढरा होईचना. उशीर झाला होता, रेवतीचा माणूस गाडी घेऊन उभा होता. मी पाव लावले आणि दिले. मला वास आला नाही, सांगितलं ना, माझं नाक मेलंय.

मुलुंडला त्या मिसळीला सगळी शाकाहारी गिऱ्हाइकं. एका बाईंनी पाव तोडला, नाकाशी नेला आणि रेवतीला विचारलं, यात सुके बोंबील घालता का? अख्खं दुकान उठलं. रेवतीने मला फोनवर काही सुनावलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. फक्त म्हणाली, नेत्रा, आता थोडे दिवस राहू दे.

आता खरं सांग. तो ढीग तू कुठून आणलास? पनवेलचं शेत वगैरे मला नको. हे कुठल्यातरी मोडलेल्या बोटीचं लाकूड आहे, होय ना? तेल प्यायलेलं. रंगवलेलं घालू नको म्हणून मला अक्कल शिकवतोस आणि स्वतः भंगारवाल्याकडून उचलून आणतोस. मी माझी रविवारची सुट्टी घालवली, माझा शब्द घालवला.

बाबाने परत आल्यावर भट्टीत वाकून बघितलं आणि काल दिवसभर जेवला नाही. खूश?

नेत्रा


समुद्रातून, २० मार्च २०२५

ताई,

लाकूड बाभळीचं आहे, ताजं तोडलेलं आणलं, मी स्वतः टेम्पोतून उतरवलं. आईने त्यावर बोंबील वाळत घातले असणार, तिला कुठे काय ठेवू नये कळत नाही. किंवा तू तेलाचा डबा सांडलास. नाचता येईना अंगण वाकडं. इथे मी पहाटेपासून उभा असतो, त्यात तुमचे आळ ऐकायला मला वेळ नाही.

बाबा का जेवला नाही ते नीट लिही.

अल्पेश


माहुल, ६ एप्रिल २०२५

अल्पेश,

आळ मागे घेते. आईचाही घे मागे, ती निर्दोष आहे. आता बस कुठेतरी आणि वाच.

परवा पहाटे मी मुद्दाम लवकर उठले. बाबा अंगणात उकिडवा बसलेला. पुढ्यात तेलाचा डबा, हातात नारळाच्या सोडणाचा बोळा. तो ओंडक्यांना तेल चोळत होता, अल्पेश. गुडघ्यांना नाही. जानेवारीपासून तो डबा तुझ्या फाट्यांना लागतोय. आणि सगळ्यांना नाही, फक्त वाकड्यांना. वाकडी निवडून वर काढलीत, सारख्या बाकाची एकाशेजारी एक, जोड्या लावून. सरळ सगळी खाली.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाबा, जळणाला कोणी तेल लावतं का, माझे पाव गेले तुझ्या पायी. तर तो उठला. कसा उठला! मला वाटलं मारतो.

"होडीचं लाकूड भट्टीत घातलंस," म्हणाला, "बापूस मेला काय तुझा?"

मग मला कळलं. हळूहळू त्यानेच सांगितलं, चहाचा कप हातात घेऊन, एवढं तर तो दोन वर्षांत मिळून बोलला नसेल. म्हणाला, पोरगा तोंडाने बोलला नाही, पण मला दिसलं ना. जमिनीपासून उचलून रचलं, मधे फट ठेवली, टोकं फाटू नयेत म्हणून चुना लावला, शिमग्यापर्यंत हात लावू नका म्हणून सांगून गेला. फाट्यांचा एवढा लाड कोण करतं? बाभूळ आणली, ती पण वाकडी बघून. वाकडी बाभूळ कशाला लागते, तर होडीच्या बरगड्यांना. फोडली त्याची लाज वाटली पोराला, म्हणून नवी बांधतोय.

तो सहदेव सुताराला भेटून आलाय. दोन भाकऱ्या खातो. खाडीवर जाऊन भरती-ओहोटी बघून येतो, आईशी भांडतो, मालनमावशीची चेष्टा करतो. मला विचारतो, अल्पेश कधी उतरणार, लाकूड वाळत आलं.

आपल्या घरात कोणी काही तोंडाने बोलायचं नाही, अशी शपथ घेतलीय का सगळ्यांनी? तू लाकूड रचतोस, तो तेल लावतो, आणि मधल्यामधे मी भाजून निघते. त्याला खरं सांगितलं तर तो परत भिंतीकडे तोंड करेल. नाही सांगितलं तर रोज त्या वाकड्या ओंडक्यांना तेल लावत तुझी वाट बघेल. ते मला बघवत नाही.

मी नाही सांगणार. रचलंस तू. सांग तू.

नेत्रा


माहुल, २९ एप्रिल २०२५

अल्पेश,

मेल पोचला आहे, मला माहीत आहे. कंपनीच्या ऑफिसात फोन करून विचारलं, तुमची बोट बंदरात लागलीय आणि सगळे ठणठणीत आहेत. तेलाचा डबा संपला म्हणून बाबाने दुसरा आणवला.

नेत्रा


समुद्रातून, ११ मे २०२५

ताई, हे बाबाला वाचून दाखव. तू आधी वाचू नको, वाचलंस तर गाळशील.

बाबा,

ते लाकूड होडीसाठी नव्हतं. भट्टीसाठी आणलं होतं. स्वस्त मिळालं म्हणून वाकडं घेतलं.

तुझी चूक झाली असं मी म्हणत नाही. मी रचलंच तसं. ओंडका जमिनीला टेकवायचा नाही, फट ठेवायची, टोकाला चुना. लाकूड रचायची मला ही एकच रीत येते, आणि ती तुझी आहे. तुझ्या हाताखाली मी दुसरं काही रचलंच नाही कधी.

नवी होडी मला झेपणार नाही. खाडीत पूर्वीसारखी मासळीही नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. मला जाळं टाकायला आवडत नव्हतं. मला चुलीपुढे उभं राहायला आवडतं. भट्टी तुझ्यासाठी बांधली, कारण मला जे येतं तेच मी देऊ शकत होतो.

होडी फोडायला दिली तेव्हा तू बरा होऊन घरी यायची वाट बघायला हवी होती. तू परत पडू नको. ताईने पत्रात लिहिलंय, तू दोन भाकऱ्या खातोस. मी ते रोज वाचतो.

अल्पेश


माहुल, २५ मे २०२५

अल्पेश,

वाचून दाखवलं. मध्ये थांबले नाही, गाळलं नाही. आई दारात उभी होती. बाबाने सगळं ऐकलं, तेलाचा हात लुंगीला पुसला, आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

तुझा इतका राग आला की काय सांगू. माझाही आला. भाकरी तशीच ताटात. चहा थंड. आई काठ्या घेऊन अंगणात गेली, आणि भट्टीसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता फोडते. फोडली नाही. काठ्या भिंतीला टेकवून आली आणि बाबाच्या पायाशी बसली. असेच दिवस गेले. मी ऑफिसात बसून रडायचे आणि रेवती फोन करून पावांचं विचारायची, तिला काय सांगू?

आज सकाळी कुऱ्हाडीच्या आवाजाने जाग आली. धावत बाहेर गेले, म्हटलं, रागाने सगळं तोडतोय. बाबा सरळ ओंडके फोडत होता. मनगटाएवढी वेगळी, जाड वेगळी, ढलप्यांचा ढीग वेगळा. मला बघून दोन फाट्या एकमेकांवर आपटल्या. ठण्ण वाजल्या. म्हणाला, ह्यांना तेल नाय लावलं, घाल तुझ्या भट्टीत. मग स्टुलावर बसला आणि सबंध वेळ विस्तवाला फाटी घालत राहिला, मी जरा जास्त घातली की हातावर चापट मारत. पाव इतके छान झाले की आईने एक मांजरीला टाकायच्या आधी स्वतः खाल्ला. मुलुंडला पाठवलेत. बघू रेवतीची गिऱ्हाइकं काय म्हणतात.

वाकडी तशीच ठेवलीत, पत्र्याखाली, जोड्या लावून. मी म्हटलं, बाबा, आता ही कशाला? त्याने पत्र्यावरचा दगड सारखा केला. मग म्हणाला, लिही त्याला. मी म्हटलं, तूच बोल ना, कधी कधी फोन लागतो. तर माझ्यावर ओरडला, लिही म्हणतो तर लिही. म्हणून लिहिते, त्याचे शब्द आहेत, मी काही घातलेलं नाही:

"सरळ फाटी पोरीला दिली. वाकडी माझी. माणसं दोन बसतील एवढी होडी होईल, इंजिन नको, वल्ह्याची. फळ्यांचं तू बघ. जाळं टाकू नको, नुसता बस. आणि पुढल्या टायमाला लाकूड रचशील तवा तोंडानं बोल."